आमच्या घरात पाल नव्हती

‘‘बाबा, भिलाईला तुमच्यासाठी खालची खोली मोकळी केली आहे,’’ मोठे भाऊजी म्हणाले. ‘‘खिडकीत कूलर बसवला. बाथरूम खोलीला लागूनच आहे. तुम्हाला काही म्हणजे काही त्रास होणार नाही.’’

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वेताच्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. काठी गुडघ्यांच्या मध्ये, दोन्ही हात तिच्या मुठीवर. परक्याच्या घरी बसल्यासारखे ते आपल्याच घरात बसायचे.

‘‘हाव, बराबर आहे,’’ ते म्हणाले.

‘‘उद्या दुपारची गाडी आहे. कुंदा, कपडे भरले का त्यांचे?’’

‘‘भरले.’’

‘‘अन् ह्या टाकीचं? तो नागपूरचा माणूस सकाळी येतो म्हणाला. टाकी, मासे, दगड, सगळं घेऊन जाईल.’’

‘‘येऊ दे,’’ मी म्हणाले.

‘‘प्रवासात ऊन लय लागन म्हणा,’’ मामाजी कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलले. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. काठी आणि पाल दोन्ही एकदमच वाजल्यासारखं वाटलं. मामाजींनी मान हलवली. ‘‘कृष्ण कृष्ण. पाल चुकचुकली. म्हणजे लागनच.’’

भाऊजींनी भिंती पाहिल्या, ट्यूबलाइटच्या मागे पाहिलं, देवाच्या फोटोमागे पाहिलं. ‘‘कुठे आहे पाल?’’

‘‘असेल कुठेतरी,’’ मी म्हणाले.

आमच्या घरात पाल नव्हती. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून मला एकही दिसली नाही. आवाज यायचा तो टाकीतून. लोकांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असतो तिथे आमच्याकडे समुद्र होता, चार फूट लांब आणि कमरेएवढ्या लाकडी स्टँडवर ठेवलेला. त्याला लागूनच मामाजींची वेताची खुर्ची. चंद्रपुरात. जिथे उन्हाळ्यात नळाच्या पाण्याने हात भाजतो आणि समुद्र दोन्ही बाजूंनी लांबच आहे, तिथे माझ्या नवऱ्याने समुद्र पाळला होता.

हेमराज कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. दिवसभर जमिनीच्या पोटात, काळ्या भिंती मोजत. घरी आले की हातपाय धुऊन थेट टाकीपुढे. आयुष्यात दोनदाच समुद्र पाहिलेला हा माणूस बादलीत मीठ कालवून समुद्राचं पाणी तयार करायचा. शेजारच्या बायका मला विचारायच्या, ‘‘काय गं, लोणचं घालून राहिले का तुझे मिस्टर?’’ मी पण हसायचे. टाकीत हिरवी बटणं एकमेकांना चिकटून बसावीत तशी पोवळी होती. एक किडा होता, तो आपल्या नळीतून पिसांचा पंखा बाहेर काढायचा आणि माणूस जवळ गेला की झटकन आत ओढून घ्यायचा. नारंगी पट्ट्यांचे दोन मासे होते. आणि खाली मोठा दगड होता, छिद्राछिद्रांचा. हेमराज म्हणायचे, हा दगड जिवंत आहे. यावर मामाजी म्हणायचे, ‘‘चांगलं आहे. घरात कोणी तरी जित्तं पाहिजे.’’

त्या दगडातच कोणीतरी लपून आलं होतं. ते कधीच दिसलं नाही. आणल्यानंतर आठवड्याभराने टाकीतून टक् असा आवाज आला, काच तडकल्यासारखा, आणि मी बादली आणायला धावले. हेमराज मात्र आनंदाने वेडे व्हायचे बाकी राहिले. ‘‘पिस्तूलवाली कोळंबी आहे ती,’’ ते म्हणाले. ‘‘तिची एक नांगी भली मोठी असते. ती मिटली की पाण्यातल्या पाण्यात बार उडतो. तिच्या बिळाला धक्का लागला, काही हललं, की उडवते बार.’’

हे सगळं ते मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होते. कारण तेवढ्यात बाहेर मामाजींनी बोट टेबलावर वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हटलं होतं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेलेले. मूल गावच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस, पण पाल चुकचुकली की तेव्हा जे बोलणं चाललेलं असतं ते खरं ठरतं, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं होतं आणि त्यापुढे सगळी मास्तरकी लंगडी पडायची. मी सांगायला निघाले, मामाजी, ही पाल नाही. हेमराजांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे असे मिचकावले की मला हसू आवरेना. ‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांना पालच बरी.’’

तेव्हापासून पालच. मामाजी म्हणायचे पाऊस येईल, टक्. मामाजी म्हणायचे आज भाजीत मीठ कमी आहे, टक्. मी हेमराजांकडे पाहायचे, हेमराज माझ्याकडे. आमच्या दोघांत ती एक गंमत होती.

मग एका सकाळी हेमराज डबा घेऊन कामावर गेले आणि दुपारी त्यांच्या साहेबांचा फोन आला. त्याबद्दल मी फार सांगत नाही. बेचाळीस हे काही हृदय थांबायचं वय नाही, एवढंच सगळे पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

घरात उरलो मी आणि मामाजी. लेकरू नव्हतं. आम्हा दोघांना जोडणारा माणूस मधून गेला होता आणि दोन टोकं तशीच राहिली होती. मी त्यांची कोण आणि ते माझे कोण, हे आम्हाला कळेना. बोलणं औषधाचं, चहाचं, दूधवाला आला का याचं. मी विमा कार्यालयात नोकरीला जायचे, तिथेही लोक माझ्याशी जपून बोलायचे. घरी यायचे, जेवायचे, भांडी घासायचे. खरं सांगायचं तर त्या वर्षी मला इतकं एकटं वाटायचं की भाजीवाल्याने ‘काय ताई, बऱ्या ना?’ विचारलं तरी मी नको असलेली भाजीही घेत तिथेच रेंगाळायचे.

टाकी मी का जगवली? कोणी सांगितलं नव्हतं. पण पाणी आटलं की भर घालायचं असतं आणि ते घातलं नाही तर मरतात, एवढं दिसत होतं. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी, हे हेमराजांनी शिकवलेलं होतं. मी घालत गेले. वीज गेली आणि पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं की फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या त्यात सोडत गेले. चंद्रपुरात देशाला पुरेल इतकी वीज तयार होते, पण आमच्या गल्लीत ती पाहुण्यासारखी यायची, त्यामुळे बाटल्यांना तोटा नव्हता. काच पुसायचे. पंखेवाला किडा मला पाहून आत जायचा. निदान कोणालातरी मी आल्याचं कळत होतं.

नाही, मामाजींनाही कळायचं. संध्याकाळी मी कुलूप काढून दार उघडलं की ते हमखास म्हणायचे, ‘‘आली का? पाल आत्ताच बोलली. मी म्हटलंच, कुंदा आली.’’ रोज. मला वाटायचं, माझ्या दाराच्या धक्क्याने ती कोळंबी दचकत असेल. एखाद्या दिवशी त्याचा रागही यायचा. इतक्या वेळात बोलायला यांना फक्त पाल आठवते, असं मनात यायचं.

वर्षश्राद्धाला मोठे भाऊजी आले. गजेंद्र भाऊजी, हेमराजांचे थोरले भाऊ, भिलाईला असतात. माणूस वाईट नाही, उलट चांगलाच. श्राद्ध झालं, नातेवाईक पांगले, आणि ते म्हणाले, बाबांना आता घेऊन जातो. लोक बोलत होतेच. थोरला मुलगा धडधाकट असताना म्हातारा विधवा सुनेच्या जिवावर का, असं एका मावशीने माझ्यासमोर म्हटलं होतं. मी काय बोलणार? रक्ताचा मुलगा न्यायला आला आहे. मी हक्क कशाचा सांगू?

आणि मामाजींनी तरी तोंड उघडायचं. त्यांनीही उघडलं नाही. मी त्यांच्या धोतराच्या घड्या बॅगेत घालत होते तेव्हा ते दारात उभे होते, चौकटीला हात लावून. ‘‘तो निळा स्वेटर राहू दे,’’ म्हणाले. ‘‘भिलाईत थंडी नसते.’’ मी स्वेटर बाजूला ठेवला. मला वाटलं, त्यांना जायचंच आहे. इथे आंधळ्या माणसाने दिवसभर बंद घरात बसायचं, तिथे नातवंडं आहेत. कोणाला नको वाटेल? त्यांनी जावं हेच बरं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते गेले की त्या घरात मी कशी राहणार हे काही केल्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. टाकी देऊन टाकायचं म्हणूनच ठरवलं. एकटीने राहायचं तर मग घरात काहीच नको.

हे सगळं त्या संध्याकाळपर्यंत ठरलेलं. पाल चुकचुकली, उन्हाचं बोलणं झालं, मी चहा केला. आम्ही चहा घेत होतो आणि वीज गेली.

टाकीचे पंप थांबले. ती घरघर चोवीस तास चालू असते म्हणून ऐकूच येत नाही. थांबली की घर एकदम मोठं होतं. बाहेर उजेड मावळत होता. हॉलमध्ये आम्ही तिघं नुसत्या आकृत्या झालो. मी सवयीने उठले, बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप लावायला हात पुढे केला.

‘‘राहू दे थोडा वेळ,’’ मामाजी म्हणाले. ‘‘बस.’’

मी बसले. असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

‘‘गजेंद्रा, तू पोरीले विचारलं का?’’

‘‘काय विचारायचं?’’

‘‘मी जाऊन राहिलो, तर तिचं म्हणणं काय म्हणून.’’

भाऊजी माझ्याकडे वळले असावेत. ‘‘कुंदा, तुझं काही म्हणणं आहे का?’’

‘‘मामाजींची जशी इच्छा,’’ मी म्हणाले.

‘‘बाबा, तुमची काय इच्छा?’’

‘‘पोरीची जशी असन तशी.’’

भाऊजींनी जोरात श्वास सोडला. ‘‘हे बरं आहे. दोघं मिळून माझ्या डोक्यावर टाका.’’

‘‘तुझ्या डोक्यावर कोणी टाकून नाही राहिलं,’’ मामाजी म्हणाले. ‘‘पाल आहे नं घरात. कुंदा, तू सांग. जे आहे ते सांग. खरं असन तर पाल बोलन.’’

‘‘बाबा, तुम्ही मास्तर होते.’’

‘‘म्हणूनच म्हणतो. तोंडी परीक्षा आहे.’’

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. एका दगडात लपलेल्या कोळंबीपुढे मला साक्ष द्यायची होती, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. मी मनात कोळंबीला म्हटलं, बाई, तू गप्प राहा. मग शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले, ‘‘मी एकटी नीट राहू शकते. मामाजींनी माझी काळजी करू नये.’’

पाण्यावर एक बुडबुडा फुटल्याचंही ऐकू आलं. आम्ही तिघंही वाट पाहत होतो, भाऊजीसुद्धा. टाकी गप्प होती. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत नेली. टाकी गप्पच.

‘‘नाही बोलली,’’ मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘‘खोटं आहे ते.’’

‘‘बाबा, पाल झोपली असेल.’’

‘‘तू चूप रे. कुंदा, अजून एकदा.’’

मला वाटतं अंधार होता म्हणून जमलं. उजेडात मी चहाचे कप गोळा केले असते आणि उठून गेले असते. ‘‘मामाजी, तुम्ही जाऊ नका,’’ मी म्हणाले. ‘‘मला ह्या घरात एकटीला राहवणार नाही. संध्याकाळी दार उघडलं की आत कोणीतरी पाहिजे. तुम्ही माझे काही लागत नसाल तर नका लागू, पण जाऊ नका.’’

काठी वाजली. टक्. मग टाकीतून आवाज आला, त्या शांततेत बंदुकीच्या बारासारखा.

‘‘कृष्ण कृष्ण,’’ मामाजी म्हणाले. काठी घसरून खाली पडली. मी चाचपडत ती उचलली आणि त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी काठीसकट माझा हात धरला.

भाऊजींनी चाचपडत कप खाली ठेवला. ‘‘आता काय पालीच्या सांगण्यावरून संसार करायचा का?’’ ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

‘‘आतापर्यंत लोकांच्या सांगण्यावरून करत होतोच नं,’’ मामाजी म्हणाले.

वीज आली तेव्हा पाहिलं, तर भाऊजी चष्मा पुसत होते. नागपूरच्या माणसाला त्यांनी स्वतःच फोन केला. ‘‘नाही हो, द्यायचा नाही म्हणतात समुद्र,’’ असं त्याला सांगितलं आणि मग फोन बाजूला ठेवून मला म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात सुट्टीत पोरांना पाठवतो इकडे. पाहू दे त्यांनाही.’’

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ते एकटेच गेले. त्यांना रिक्षात बसवून मी वर आले. मामाजी जेवून खुर्चीत डुलकी घेत होते. बॅग तशीच दाराशी उभी होती. मी रजेवर होते, करायला काही नव्हतं, म्हणून फडकं घेऊन टाकीचा स्टँड पुसायला खाली बसले. मिठाचे पांढरे ओघळ लाकडावर वाळतात, ते ओल्या फडक्याने काढावे लागतात. खुर्चीच्या बाजूचा पाय पुसताना फडकं अडकलं.

तिथे लाकूड खडबडीत झालेलं होतं. सगळीकडे पॉलिश चकचकीत आणि त्या एका जागी, जमिनीपासून वीतभर वर, रुपयाएवढा खळगा. काठीच्या लोखंडी टोकाने पडावा तसा. एका दिवसात पडलेला नव्हता तो. मी बोटाने चाचपला. आणि काल संध्याकाळी कानांनी जे ऐकलं होतं ते आत्ता डोक्यात शिरलं. आधी काठी वाजली होती, मग पाल. लोक पाल चुकचुकली की ठोकतात. मामाजींनी ठोकलं होतं, म्हणून ती चुकचुकली होती.

‘‘मामाजी,’’ मी म्हणाले.

‘‘हं.’’

‘‘ही पाल नाही.’’

‘‘पाल कुठची बाप्पा?’’ ते डोळे न उघडता म्हणाले. ‘‘झिंगा आहे तो.’’

मी फडकं खाली ठेवलं.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘तू माहेरी गेली होती वर्ध्याले, तवाच हेमराजनं माझा हात काचेले लावला. म्हणे, बाबा, इथं ठोका. मी ठोकलं तर तिकडून बार. मले म्हणे, कुंदाले सांगू नका. तुमची पाल तिले लय आवडते. ऐकून हसते.’’

दोघांच्याही तोंडावर बोट ठेवून गेला होता माणूस. मला म्हणाला त्यांना पालच बरी, आणि त्यांना म्हणाला तिला पाल आवडते. मी रडले, पण ते रडणं आधीच्या वर्षभराच्या रडण्यासारखं नव्हतं.

‘‘काल मी पहिल्यांदा बोलले तेव्हा तुम्ही ठोकलं नाही,’’ मी थोड्या वेळाने म्हणाले.

‘‘खोट्यावर काहून ठोकू?’’

‘‘आणि मी दुसऱ्यांदा तोंडच उघडलं नसतं तर?’’

‘‘तर गेलो असतो. बॅग भरून ठेवलीच होती तू.’’ त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ‘‘मले काय माहीत, पोरी? तू घड्या घालत होती, काही बोलत नव्हती. मले वाटे, सुटका होऊन राहिली हिची.’’

मी पुन्हा त्या खळग्यावर बोट ठेवलं. ‘‘पण हा एका दिवसाचा नाही. एवढं काय विचारत होतात त्याला?’’

‘‘रोजचं एकच. कुंदा आली का म्हणून.’’

‘‘पण ठोकलं की तो केव्हाही बार उडवणार. दुपारी विचारलं तरी हो म्हणणार.’’

‘‘म्हणून दुपारी नाही विचारलं कधी,’’ मामाजी म्हणाले. ‘‘दुपारी चूप बसत होतो. संध्याकाळी खाली तुझी चप्पल जिन्यात वाजली, की मंग ठोकत होतो. त्याच्या तोंडून एकही दिवस खोटं नाही वदवलं मी.’’

मामाजी त्यानंतर बरीच वर्षं होते. ते जाऊनही आता चार उन्हाळे झाले. निळा स्वेटर कपाटात आहे, काठी टाकीला टेकून उभी आहे. दगडात तोच झिंगा आहे की मध्ये कधी तो संपला आणि नंतर आणलेल्या दगडातून दुसरा आला, हे सांगता येणार नाही. पाहिलेला मी एकही नाही. संध्याकाळी मी जिना चढते, कुलूप काढते, पर्स ठेवायच्या आधी काठी उचलून स्टँडच्या त्या खळग्यात एकदा ठोकते आणि म्हणते, ‘‘कुंदा आली.’’ कधी आतून उत्तर येतं, कधी येत नाही. आलेली मात्र मी असते.